मागच्याच्या वेगाने

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत सलग उभी आहे. दक्षिणेकडून निघाले तर आधी सिद्धगड, मग गोरख-मच्छिंद्राचे सुळके, आहुप्याचा कडा, ढाकोबा, जीवधन, नाणेघाट, मोरोशीचा भैरवगड, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, पुढे आजोबा, आणि उत्तरेच्या टोकाला अलंग-मदन-कुलंग. या भिंतीच्या पायथ्यातून आणि पदरातून ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, वाडीवरून पाड्यावर जाणाऱ्या पाऊलवाटा निघतात. (पदर म्हणजे कडा आणि खालचे कोकण यांच्या मधली रानाची पायरी. तिथे झाडी दाट, चढ-उतार कमी.) नारिवलीहून कसाऱ्यापर्यंत नकाशावर तुकड्यातुकड्याने पट्टी धरली तरी सत्तर-ऐंशी किलोमीटर भरतात. ओढ्यांचे वळसे आणि सोंडांचे चढ-उतार धरले की आकडा शंभरीला टेकतो. घाटवाटा धुंडाळणाऱ्या ट्रेकरांना हा पट्टा जुना ओळखीचा. आता त्याच वाटांवर पाठीला छोटी पिशवी आवळून पळणारेही दिसतात.

तीन दिवस, दोन मुक्काम आणि दोघेजण हे गणित इथे जमते. एकट्याने या रानात पळू नये, त्याची कारणे पुढे येतीलच. पाच-सहा जण असले की तो ट्रेक होतो. कोणाची तरी नाडी सुटते, कोणाला तरी फोटो हवा असतो. दोघांत पळणे टिकते. फक्त दोघांनी एक गोष्ट निघायच्या आधी मान्य करावी लागते, आणि ती मान्य करणे भल्याभल्यांना जड जाते. जोडीचा वेग हा मागे पडणाऱ्याचा वेग असतो. पुढच्याने कितीही दामटले तरी मुक्कामाला पोचण्याची वेळ दुसऱ्याचे पाय ठरवतात.

आल्प्समध्ये २००५ पासून होणाऱ्या ट्रान्सअल्पाइन रन या आठवडाभराच्या शर्यतीने हे नियमातच बांधून टाकले. संघ दोघांचा, आणि दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये. वेल्समधली ड्रॅगन्स बॅक ही डोंगरशर्यत १९९२ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा ती पाच दिवसांची होती आणि तीही जोड्यांचीच. ती हेलन डायमांटिडीस आणि मार्टिन स्टोन या स्त्री-पुरुष जोडीने जिंकली. ती शर्यत इतकी कडक होती की पुन्हा भरायला वीस वर्षे गेली. आपल्याकडे दार्जिलिंगच्या बाजूला संदकफूच्या वाटेवर १९९१ पासून पाच दिवसांची शंभर मैलांची शर्यत होते, पण ती ज्याची त्याची. महाराष्ट्रात सिंहगड-राजगड-तोरणा या वाटेवरची अल्ट्रा आता नावाजली आहे. मुरबाडच्या वाटेवर मात्र रंगवलेले बाण नाहीत, पाण्याचे टेबल नाही आणि गळ्यात पदक घालायलाही कोणी उभे नाही. इथे जोडीदार हीच काय ती व्यवस्था.

जोडीने माणूस जास्त का ओढतो, यावर विज्ञानाने थोडे काम केले आहे. १९२० च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या खेळाडूंना वजन उचलायला लावले, आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीच्या वेळी वजन असे लावले होते की एकाने सोडले की दुसऱ्यालाही थांबावे लागे. कमी ताकदीचा खेळाडू एकट्याने जेवढे टिकला होता त्याहून जोडीत जास्त टिकला. याची मेख पुढे आहे. हा फायदा दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना सर्वांत मोठा दिसला. फरक अगदी नसला तर चुरस लागत नाही, आणि फार असला तर कच्चा गडी मनातून आधीच हरतो. ऑक्सफर्डमध्ये २००९ च्या सुमारास नावाड्यांवरच झालेल्या दुसऱ्या एका लहानशा प्रयोगात, एकत्र तालात वल्ही मारल्यानंतर वेदना सोसण्याची मर्यादा एकट्याने तेवढाच व्यायाम केल्यानंतरच्या मर्यादेपेक्षा वर गेलेली आढळली. खेळाडू मोजकेच होते, तेव्हा त्यावर इमला बांधू नये. तरी वारीत टाळाच्या ठेक्यावर दिवे घाट चढून गेलेल्या कोणालाही हा निष्कर्ष अनोळखी वाटणार नाही.

वारीचे नाव निघालेच आहे तर तिची रचना पाहण्यासारखी आहे. आळंदी ते पंढरपूर हे साधारण अडीचशे किलोमीटरचे अंतर माउलींची पालखी तीन आठवड्यांच्या आत कापते. म्हणजे सरासरी दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर, मधे विसावे, ठरलेले मुक्काम, आणि सामान ट्रकमध्ये. शरीर रोज थोडे खर्च होते आणि रोज रात्री बहुतेक भरून निघते. तीन दिवस पळणारी जोडी दिवसाला याच्या दुप्पट-तिप्पट जाते, आणि रात्री भरून निघणे अपुरे राहते. या प्रकारात खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते, ती यामुळे.

याचे दोन भाग आहेत. पहिला इंधनाचा. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आत-बाहेर. सपाटीवर पळायला दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. साठ-पासष्ट किलोच्या माणसाची तीसेक किलोमीटरांत ही पेटी तळाला जाते. बाकीचे चरबी पुरवते, पण चरबीची आच मंद. रिकामी पेटी पुन्हा भरायला भरपूर भात-भाकरी खाऊनही चोवीस तासांच्या आसपास लागतात. मुक्कामापासून सकाळच्या निघण्यापर्यंत तेरा-चौदा तासच असतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी माणूस अर्ध्या-पाऊण भरलेल्या पेटीने निघतो. पोचल्यावर अंघोळ, गप्पा, फोन हे सगळे नंतर. पहिल्या अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेले पाहिजे, मग ती केळी असोत की गुळाची चिक्की.

दुसरा भाग उताराचा. चढताना दम लागतो म्हणून चढ वाईट वाटतो, पण पायांची वाट उतार लावतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, आणि अशा कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ही इजा त्याच दिवशी दुखत नाही. चोवीस तासांनी कुरकुर सुरू होते, आणि दोन-तीन दिवसांपर्यंत ती वाढते. पहिल्या दिवशी दुपारी कोणी गोरखगड बघून देहरीकडे टणाटण उड्या मारत उतरला, की दुसऱ्या सकाळी ओसरीच्या दोन पायऱ्या उतरताना तो खांब धरतो. यावर एक चांगला उपाय आहे. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा जोरकस उताराचा सराव करावा. त्या एका सरावाने स्नायू पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी सावरून राहतात. माहुली चढून आसनगावकडे पळत उतरणे हा शहापूरकरांना दाराशी असलेला सराव आहे. चढावर मात्र पळण्याचा हट्ट सोडावा. उभ्या चढावर त्याच गतीने झपझप चालणे पळण्याहून स्वस्त पडते, हे प्रयोगशाळेतही मोजले गेले आहे.

आता चालीचे. जोडीतला तगडा गडी हमखास एक गोष्ट करतो. तो पुढे जातो, सोंडेवर बसून पाणी पितो, मित्र धापा टाकत पोचला की "चला!" म्हणून उठतो. त्याची विश्रांती झालेली असते, मागच्याची होतच नाही. असे चार वेळा झाले की मागचा मोडतो, आणि तगड्या गड्याला वाटते की मित्रच कमी पडला. म्हणून चढावर हळू चालणाऱ्याने पुढे राहावे, चाल त्याची धरावी. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायला घड्याळ लागत नाही. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आले पाहिजे. पुढच्याचे बोलणे तुटक झाले तर चाल उतरवायची. एकट्या पळणाऱ्याला ही मोजपट्टी मिळत नाही, स्वतःशी बोलले तर लोक वेडा म्हणतात. घसाऱ्याच्या नाळेत (कड्यातल्या उभ्या घळीत) मात्र दोघांनी एकामागे एक सरळ रेषेत उतरू नये, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. नळीच्या वाटेसारख्या नाळा पळण्याच्या कामाच्याच नाहीत; बेलपाड्यातून कोकणकड्याकडे मान वर करून पाहावे आणि पायथ्यातून पुढे निघावे.

या पट्ट्याची एक खुबी नकाशावर चटकन लक्षात येत नाही. भिंत पूर्वेला असल्यामुळे सूर्य उगवला तरी पायथ्यात आणि पदरात बराच वेळ सावली असते. देशावर आठ वाजता ऊन अंगावर आलेले असते तेव्हा आहुप्याच्या खाली अजून स्वेटर चालतो. दुपारनंतर उलटे होते. पश्चिमेचे ऊन थेट काळ्या कातळावर पडते आणि सगळी भिंत तापून खालच्यांना भाजते. म्हणून दिवसाचे दोन तृतीयांश अंतर अकराच्या आत संपवायचे, बाराच्या पुढे झाडाखाली पडी टाकायची, आणि राहिलेले चारनंतर. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारनंतरचा टप्पा तोकडाच ठेवावा.

हंगामही ठरलेला आहे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गवत कमरेएवढे असते आणि कुसळे मोज्यांत घुसतात. घोट्यावर कापडी गेटर नसला तर दर मैलाला बसून कुसळे वेचावी लागतात. त्यानंतर खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, त्यांची लव अंगाला लागली की पळणे विसरायला होते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. भात कापलेला असतो, बांधावरून पळता येते, ओढ्यांच्या डोहात थोडे पाणी असते. फेब्रुवारीपासून वणवे लागतात आणि ओढे आटतात. कड्याला आग्या मोहोळे असतील तिथे धूर नको, अत्तर नको आणि आरडाओरडा तर अजिबात नको.

पाण्याचे सांगायचे तर शहापूर तालुक्यात पळणाऱ्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यातली. तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, बाया हंडे घेऊन कोस-कोस चालतात. पावसाळ्यात इथे पाणी धो धो कोसळते, पण काळ्या कातळावरून ते वाहून जाते. तेव्हा फेब्रुवारीनंतर एखाद्या वाडीत पाणी मागताना आपण काय मागतो आहोत याचे भान असू द्यावे. मिळाले तर घ्यावे, पण विहिरीवर दोन-दोन बाटल्या डोक्यावर ओतून गार होण्याची चैन करू नये. प्रत्येकाने दोन लिटर जवळ बाळगावे, आणि ते दोघांत सामाईक नसावे. औषधाची डबी एकाकडे आणि नकाशा दुसऱ्याकडे चालेल. पाणी, शिट्टी आणि टॉर्च ज्याची त्याच्याकडे.

पाणी पिण्यातही अतिरेक घातक असतो. तासन्‌तास घाम गाळत नुसते साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, मळमळते, बोटे सुजतात, पुढे झटके येऊ शकतात. तहान लागेल तेवढे प्यावे. बरोबर जलसंजीवनीची पुडी, मीठ-साखर-लिंबू, खारे शेंगदाणे असावेत.

जुन्या लोकांनी पाण्याचा विचार आपल्यापेक्षा नीट केला होता, याचा पुरावा याच वाटेवर आहे. वैशाखऱ्याच्या पुढे कल्याण-नगर महामार्ग सोडला की नाणेघाटाची वाट चढू लागते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर-पैठणला जाणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी इथून वर जाई. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचे नाव आहे. घाटाच्या माथ्याशी सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली गुहा आहे. त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. भगवानलाल इंद्रजींनी ते एकोणिसाव्या शतकात वाचले. वर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे आणि जवळच कातळात खोदलेली पाण्याची टाकी. ही वाट ओझेवाल्या माणसासाठी आणि बैलासाठी बांधलेली असल्यामुळे तिचा चढ एका लयीचा आहे. पळणाऱ्यालाही तिथे लय सापडते. वाट वाकडी करून माथ्यापर्यंत जाऊन यावे. तीन दिवसांतला हा सर्वांत श्रीमंत तास.

नारिवलीच्या बाजूचा सिद्धगड वेगळ्या कारणाने लक्षात राहतो. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन साथी याच रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. बेचाळीसच्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता या डोंगरांतून पायी वावरत होता. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक अभिवादनाला जमतात. आपली फेरी त्या सुमारास असली तर गर्दीतून पळत जाऊ नये, थांबावे.

या रानातून लांब पल्ला मारणाऱ्यांत एक बिबट्याही होता. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या एका विहिरीतून काढलेल्या नराला गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडले. तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत, महामार्ग ओलांडत, मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या परिसरात पोचला. संशोधक विद्या अत्रेया यांच्या चमूने त्याचे नाव ठेवले होते आजोबा, आणि २०१४ साली त्याच नावाचा सिनेमाही आला. वाटेत माणसांच्या वस्त्या लागूनही त्याने कोणाला दुखावल्याची नोंद नाही. तरी बिबट्या इथे आहे हे धरूनच चालावे. अंधारात पळू नये, आणि कानात गाणी घालून तर नाहीच.

बिबट्यापेक्षा सापाची काळजी खरी. फुरसे, घोणस, नाग, मण्यार हे चौघेही कोकणात आहेत, आणि फुरसे पायवाटेवरच्या दगडाच्या रंगात मिसळून जाते. दंश झालाच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही. पाय फळीला किंवा काठीला सैल बांधून स्थिर करायचा, माणसाला चालू द्यायचे नाही, आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे. कड्याखाली बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. १०८ ला फोन करायलाही कोणीतरी सोंडेवर चढावे लागते, आणि वाडीतून झोळीसाठी चार माणसे आणावी लागतात. एकट्या माणसाला हे करता येत नाही. उष्माघाताचेही तसेच. ज्याचे डोके तापले आहे त्याला ते कळत नाही, तो "मी ठीक आहे" म्हणतच कोसळतो. असंबद्ध बोलणे, झोकांड्या आणि उगाच चिडणे हे सोबत्याला दिसते. तेव्हा सावलीत आडवे करून आधी पाण्याने गार करायचे, हलवायचे नंतर.

चिडण्यावरून आठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांत भांडण होते. विषय बहुधा वाटेचा असतो, डावीकडची की उजवीकडची. कारण बहुधा भूक असते. आधी खावे, मग नकाशा उघडावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा आणि आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' घरी वाचून ठेवलेले असले तर भांडण लवकर मिटते. रानात भेटलेल्या मामांना विचारावे, पण अंतर विचारू नये. "हे काय, इथंच" याचा अर्थ त्यांच्या पायाने अर्धा तास आणि तुमच्या पायाने काहीही. पाणी कुठे आहे, ओढा कुठे ओलांडायचा, हे विचारले तर उत्तर अचूक येते. मुक्काम वाडीतल्या कोणाच्या ओसरीवर झाला तर जेवणाचे पैसे मोजून, आग्रहाने द्यावेत. बहुतेक घरांत "राहू द्या" म्हणतात, तरी द्यावेत. सिद्धगड आणि आहुप्याचा काही भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम पाळावेत.

निघण्याआधी घरी बसून एक करार करावा: दोघांपैकी कोणीही "बस" म्हटले की फेरी तिथे संपते, वाद नाही. त्यासाठी सुटकेचे रस्ते माहीत हवेत. दक्षिणेला देहरी-म्हसा-मुरबाड रस्ता, मधे कल्याण-नगर महामार्ग, उत्तरेला डोळखांबहून शहापूरकडे जाणारा रस्ता, आणि कसाऱ्याला रेल्वे. पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडीने तीन दिवसांचा बेत करू नये. देहरीहून निघून पदराखालून वैशाखऱ्यापर्यंत यावे, एक मुक्काम करावा, आणि दुसऱ्या सकाळी नाणेघाट चढून उतरावा. त्या दुसऱ्या सकाळी दोघांची चाल जमली तरच पुढच्या वर्षी कसाऱ्याचे नाव काढावे. नाही जमली तर महामार्गावरून कल्याणकडे जाणाऱ्या एसट्या दिवसभर आहेत.